गुरूला मी उठू दिलं नाही

तारकर्लीच्या त्या न्याहारी निवासात एक नियम होता. तो कुणी बोलून दाखवला नव्हता, पण पहिल्याच हंगामात माझा पाठ झाला. जेवण चांगलं झालं की पाहुण्यांपुढं वहिनी जायच्या. बिघडलं की माझं नाव पुढं व्हायचं.

पाहुणे यायचे ते अस्सल मालवणी जेवायला. रस्त्यावरच्या पाटीवर तसं लिहिलंयच. आणि आत चुलीशी उभी असायची मी, माणदेशातली, जिनं इकडं येईपर्यंत समुद्र सोडा, भरून वाहणारा ओढासुद्धा क्वचितच बघितला होता. वाटपाला खोबरं किती भाजायचं, कोकम कधी टाकायचं, बांगड्याला चीर कशी द्यायची, हे सगळं मला घरच्या म्हाताऱ्या मालकिणीनं हाताला धरून शिकवलं. त्या गेल्या, दोन खोल्या वाढल्या, पाहुणे वाढले. मालकांना मी दादा म्हणते, त्यांच्या बायकोला वहिनी. तर वहिनी मला सांगायच्या, "तू भायर येव नको गो. तुझा तां 'व्हय की, न्हाय की' आयकला काय पावण्यांचा तोंडच आंबाट होता."

गंमत अशी की पाहुणेही घाटावरचेच असायचे. पुणे, सातारा, कोल्हापूर. पण गाडीतून उतरलेला घाटी वेगळा आणि चिऱ्याच्या खाणीवरून आलेला घाटी वेगळा. मी खाणीवरून आलेली. माझा भाऊ तिथं दगड काढायला होता. आठवीत शाळा सुटली तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती, पुढं ती गेली, आणि मी भावाच्या मागून घाट उतरले. भाऊ नंतर गोव्याला कामाला गेला. मी राहिले.

कृतघ्न मी नाही. त्या घरानं मला छप्पर दिलं, दोन वेळचं दिलं, आजारपणात दादांनी स्वतः गाडी काढून मालवणला डॉक्टरकडं नेलं. उपकार मी विसरत नाही, ते मला झोपेतही आठवतात. गॅसचं बटण बंद केलंय ना, हे मी जाऊन बघते, परत येते आणि पुन्हा जाऊन बघते. आपल्या हातून काही होऊ नये आणि आपल्याला इथनं कुणी घालवू नये, या धास्तीत माझी वर्षं गेली. म्हणून पुढं जे झालं ते मला इतकं लागलं. ज्याला कायम धास्ती असते तो काळजीनं वागतो, आणि काळजीनं वागणाऱ्याच्याच माथी चूक मारली की त्याच्याजवळ राग सोडून काही उरत नाही.

आता बाईंबद्दल.

बाई म्हणजे दादांची आत्या. हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या. स्वयंपाकघराला लागून त्यांची खोली, मध्ये फक्त एक लाकडी जाळी. त्यांचे डोळे गेल्यात जमा होते. समोर माणूस आहे एवढं दिसायचं, अक्षर दिसायचं नाही. एकदा दुपारी त्यांनी मला विचारलं, "तुला वाचता येतं का गं?" घरात त्या मालवणी बोलायच्या, पण पुस्तकाचं काही असलं की शाळेतली मराठी. मी म्हटलं, "येतं, पण अडखळते." "अडखळ. मला घाई नाही."

तेव्हापासून दुपारची भांडी झाली की मी त्यांच्या खाटेशेजारी खाली बसायची आणि वाचायची. कपाटात सगळी जुनी पुस्तकं. कथा, नाटकं, काव्यं, आख्यानं. पहिल्यांदा ओवी वाचली तेव्हा मला वाटलं, हे कुणी मुद्दाम अवघड केलंय. बाई हसल्या. मग त्यांनी मला वाचायला शिकवलं म्हणजे अक्षरं नव्हे, मागं काय चाललंय ते. कवी झाडाशी बोलतो तेव्हा झाडाशी बोलत नसतो. तो कुणाला तरी सुनावत असतो, ज्याच्या तोंडावर बोलायची सोय नाही अशाला. त्याला अन्योक्ती म्हणतात. कवी एखाद्याची फार स्तुती करायला लागला तर सावध व्हायचं. आणि एखाद्या माणसाच्या मनात काय आहे ते कवी सांगत नाही, नुसतं त्याचा हात काय करतोय ते सांगतो, तिथं थांबायचं. "तिथं पोटातलं असतं," बाई म्हणायच्या.

आठवीत शाळा सुटलेल्या माझ्यासारखीला एवढं कोण सांगतं? मी त्यांचे पाय चेपून द्यायची, त्या नको म्हणायच्या.

त्या कपाटात एक आख्यान होतं. वाळवीनं सुरुवातीची पानं खाल्लेली, त्यामुळं कवी कोण ते आम्हाला कळलंच नाही. बाईंचं ते फार आवडतं. गोष्ट साधी आहे. राजाच्या यज्ञाचा कलश फुटतो. फोडतो राजपुत्र, खेळता खेळता. आळ येतो कलश आणून देणाऱ्या कुंभारणीवर. सभा भरते. कुंभारीण म्हणते, मी नाही. सभेतले म्हणतात, हिच्या कुळात कुणी खरं बोललंय का? पुरावा कुणी मागत नाही. कूळ माहीत असलं की पुराव्याचं काम काय? राजगुरूनं राजपुत्राला कलश फोडताना डोळ्यांनी बघितलेलं असतं. कुंभारीण एकदा त्याच्याकडं बघते. आणि कवी काय लिहितो? गुरूला वाईट वाटलं असं लिहीत नाही. गुरूनं शालीचा पदर सारखा केला, एवढंच लिहितो.

दर थोड्या ओव्यांनी एक पालुपद येतं. *सभा उगी राहिली.* कुंभारीण रडली, सभा उगी राहिली. तिला बांधली, सभा उगी राहिली.

"पालुपद कशाला असतं सांग," बाईंनी विचारलं होतं.

"गायला सोपं जावं म्हणून."

"ते आहेच. पण तेच तेच आलं की ऐकणारा ऐकायचा थांबतो. तोंडानं म्हणतो, कानानं ऐकत नाही. चांगला कवी त्याचीच वाट बघतो. लोक झोपले की मग तो ओळ बदलतो."

तसंच होतं त्यात. पान उलटलं की पहिल्याच ओवीत गुरू उठून उभा राहतो आणि बोलतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रडले. बाईंचे डोळेही भरले होते. त्या म्हणाल्या, "धैर्य म्हणजे तलवार नाही गं. धैर्य म्हणजे आपल्याच माणसांत उठून उभं राहणं."

हे वाक्य त्यांचं आहे. मी ते नीट जपून ठेवलं होतं. त्यांनी नव्हतं.

मे महिना संपत आला होता, हंगामाचे शेवटचे पाहुणे. वळवाच्या वाऱ्यानं कुठं तरी माड तारांवर पडला आणि वीज गेली ती दुसऱ्या दिवशीही आली नाही. फ्रीजमध्ये सुंगटं होती, म्हणजे कोळंबी. झाकण उघडलं तर वास. तो ओळखायला दर्यावर्दी असायची गरज नव्हती. वहिनींनी स्वतः पदर नाकाला लावला.

मी म्हटलं, "वहिनी, टाकून देऊ."

"टाकूक काय तुझ्या घाटावरसून इली ती? पावण्यांनी सुंगटां सांगलेली आसत. धुवून घे, वाटप जास्त घाल, तिखट घाल."

"वहिनी, वास येतोय."

"उगी रव नि शिजव."

जाळीच्या पलीकडं बाई खाटेवर बसल्या होत्या. जाळीतून त्यांचं पांढरं डोकं मला दिसत होतं. डोळे गेले असले तरी कान त्यांचे असे की माडावरनं झावळी पडली तर कुठल्या माडावरची ते सांगतील.

मी शिजवलं. मी खाल्लं नाही, आणि वहिनींनीही खाल्लं नाही.

सकाळी पाहुण्यांचं कुटुंबच्या कुटुंब आडवं. मालवणहून डॉक्टर आले, सलाईन लागलं, दुपारपर्यंत सगळे उठून बसले. देवाची कृपा. पण त्यातला मुलगा फोन घेऊन बसला आणि सगळं लिहून टाकणार म्हणायला लागला. वहिनींचा चेहरा उतरला. मग त्यांनी मला हाक मारली. बाहेर. पाहुण्यांपुढं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

तिथं त्या शुद्ध बोलल्या. "मॅडम, चूक आमच्याकडून नाही झाली. ही आमची कामवाली. घाटावरची आहे. आमच्या डोळ्यांआड कसली सुंगटं घातली कुणास ठाऊक! ह्या लोकांना कितीही शिकवा. हिला समुद्रातलं काय कळतंय? धर गं कान. मॅडमची माफी माग."

दादा होते. होडीवाले दोघं होते, शेजारचे काका होते. आणि दारात बाई येऊन उभ्या होत्या, चौकटीला हात धरून.

मी बाईंकडं बघितलं. एकदाच.

बाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसायला घेतला.

ज्या चष्म्यातनं त्यांना काही दिसत नव्हतं, तो त्या पुसत होत्या. आधी एक काच, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. मला दुसरं काही ऐकू येईना. मला फक्त कळलं की हे मी वाचलंय.

मी कान धरले. पाहुणीबाई म्हणाली, "असू दे हो, असू दे," आणि कुणी आपल्याकडं बघत नाहीय ना हे बघून तिनं पर्स जवळ ओढली. आळ सुंगटांचा होता, तरी पर्स जवळ ओढली. घाटावरचीच होती तीही, बोलण्यावरनं साताऱ्याकडची.

दुसऱ्या दिवसापासून माझी चूल गेली. वहिनींनी वाडीतली एक बाई स्वयंपाकाला ठरवली, आणि मला न्हाणीघरं घासायला आणि भांड्यांना लावलं. वाडीत सगळीकडं झालं, घाटिणीनं पावण्यांना विष घातलं. बाजारात मासे विकणारी एक म्हातारी, जी मला आधी एक बांगडा वर टाकायची, ती म्हणाली, "तू गो? तुका मासे कशाक? तू आपली झुणका-भाकर कर." बायका हसल्या. माझ्याजवळ दुसरं काय होतं? शिक्षण नाही, गाव लांब, माणूस नाही. माझ्या हाताचं नाव तेवढं होतं. या किनाऱ्यावर आता कुणीही मला चुलीपाशी उभं करणार नव्हतं.

मी बाईंकडं गेले. म्हटलं, "तुम्ही ऐकलं होतं."

त्या मालवणीतच म्हणाल्या, "घरातली गोष्ट घरात रवांदे गो चेडवा. माका ह्याच घरात मरूचा आसा."

"मी कुठं घरातली मुलगी?" मी म्हटलं.

सूड म्हटलं की लोकांना वाटतं मीठ जास्त घालावं, गॅस उघडा ठेवावा. मनात आलं नाही असं नाही. पण अन्नाशी माझं वैर होत नाही, हात चालत नाही. आणि वहिनींचं काय? त्या माझ्याशी जशा होत्या तशाच वागल्या. त्यांनी मला कधी काही शिकवलं नव्हतं. माझा सूड बाईंवर होता. ज्यानं दिवा दाखवला त्यानंच फुंकर मारली तर राग कुणाचा यावा?

पाऊस लागला, निवास बंद, दुपारी कामच नाही. नेहमीसारखी मी बाईंच्या खाटेपाशी बसले. त्या म्हणाल्या, "काय वाचणार आज?" आवाजात लाचारी होती, माझ्या ती लक्षात आली. मी ते आख्यान काढलं. कुंभारणीला सभेत आणतात तिथपासून वाचायला लागले. पालुपदाला आवाज जरा खाली घेतला, त्यांनीच शिकवल्यासारखा. गुरूनं शालीचा पदर सारखा केला, तिथं थांबले. चांगली थांबले. पानाच्या शेवटच्या ओळीला आले, *सभा उगी राहिली*, आणि पुस्तक मिटलं.

"पुढे?" बाई म्हणाल्या.

"आज एवढंच."

दुसऱ्या दिवशी परत तिथूनच सुरू केलं. तेच पान.

"काल हेच वाचलंस ना गं?"

"व्हय. तुम्हीच म्हणता ना, परत परत आलं की माणूस ऐकायचा थांबतो. थांबू नये म्हणून वाचते."

तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. सगळा पाऊसकाळ तेच. आषाढात वाचलं, गटारी झाली त्या दिवशी वाचलं, चवथीच्या गणपतीत घर माणसांनी भरलं तेव्हा माजघरात बसून वाचलं. एकदा वहिनी दारातनं जाता जाता म्हणाल्या, "आत्ये, तांच तां काय आयकतंस गो? दुसरा काय पुस्तक नाय?" बाई म्हणाल्या, "माका बरा वाटता." वहिनींना काही कळलं नाही. त्यांना ती गोष्ट कुंभारणीची वाटत होती.

पुढच्या पानावर गुरू उठतो हे मला ठाऊक होतं, बाईंनाही. मी त्याला उठू दिलं नाही. तीन-चार महिने तो माझ्या हाताखाली तसाच बसून होता, शालीचा पदर सारखा करत. बाईंना स्वतः वाचता येत नव्हतं. त्यांचे डोळे माझ्याजवळ होते. ती सत्ता मला गोड लागली, खोटं कशाला सांगू? न्हाणीघराच्या फरश्या घासताना मी दुपारची वाट बघायची.

त्यांनी मला एकदाही थांबवलं नाही. बस म्हटलं असतं तर मी बस केलं असतं. पण त्या पाठ ताठ करून बसायच्या आणि ऐकायच्या, आणि हळूहळू त्यांचा हात चष्म्याकडं जायचा, तिथून परत यायचा. आधी त्या खाटेवर टेकून ऐकायच्या. गणपतीनंतर टेकायच्या बंद झाल्या.

त्याच पावसात म्हातारे मालक गेले, म्हणजे दादांचे वडील, बाईंचे थोरले भाऊ. घराचं गाऱ्हाणं तेच घालायचे.

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. इकडं कुठलंही काम सुरू करताना देवापुढं नारळ ठेवतात आणि घरातलं जुनं माणूस मोठ्यानं देवाला सगळं सांगतं, मागतं. ते गाऱ्हाणं. ते प्रत्येक वाक्य संपलं की जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, व्हय म्हाराजा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला धीर आला होता, कारण 'व्हय' तेवढं आमच्याकडंही व्हयच. लोक काय ऐकून व्हय म्हणतात असं नाही. आवाज खाली उतरला की तोंडातनं आपोआप येतं. एकाचा फोन चालू असतो, एक मुंग्या झटकत असतो, आणि व्हय म्हाराजा.

दसऱ्याला हंगाम सुरू होतो. सकाळी तुळशीपुढं नारळ मांडला. दुपारचे पाहुणे वाटेत होते. दादा उभे राहिले आणि दोन वाक्यांत अडकले. "माका नाय येणा," म्हणाले. शेजारच्या काकांकडं बघितलं, तर त्यांना स्वतःच्या घरचं उरकून यायला उशीर झालेला, धाप लागलेली.

"मी घालतंय," बाई म्हणाल्या.

काका म्हणाले, "बायलमाणूस गाऱ्हाणा घालता? खंय बघलास रे?"

होडीवाला म्हणाला, "घालूंदे ओ काका. देव काय मिशयो बघता?"

लोक हसले. दादांना सुटका हवीच होती. बाईंनी एक हात तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला. चष्मा घातला नव्हता. हायस्कुलात मागच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बारा गावच्या धन्या, आज दसऱ्याच्या दिसाक ह्या घरान तुझ्यापुढे नारळ ठेवलो आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दर्यात गेलेल्यांका किनाऱ्याक हाड, येतल्या पावण्यांका सुखान हाड नि सुखान धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी मागं उभी होते, हातात राखेचं घमेलं. मीही म्हणत होते. वहिनी पुढं, आरतीचं ताट घेऊन, डोळे मिटून.

"उन्हाळ्यात ह्या घरात सुंगटां खाऊन पावणे आजारी पडले, तां तुका म्हायत आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ती सुंगटां वीज गेली म्हणान कुसलेली, तां तुका म्हायत आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"टाकूया म्हणान सांगलेला तां घाटावरच्या चेडवान, नि शिजव म्हणान सांगलेला तां ह्या घरच्या सुनेन रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

होडीवाल्यांचा आवाज सगळ्यात मोठा. दादांचा त्यात होता, काकांचा होता. आणि वहिनींचे ओठ हलले होते, मी बघितलं. डोळे मिटलेले आणि ओठ 'व्हय'वर उघडलेले. मग डोळे उघडले. ताटातली वात हलायला लागली.

घमेलं मी खाली ठेवलं.

बाई थांबल्या नाहीत. "नि सगळा आयकान जी म्हातारी उगी रवली, शाळेत पोरांका खरा बोलूक शिकवन जी स्वता उगी रवली, तिचो न्याय तूच कर रे म्हाराजा!"

कुणी बोललं नाही.

सणाच्या दिवशी घरच्या जुन्या माणसाच्या शिक्षेला व्हय कोण म्हणणार? आणि व्हय आल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही, नारळ फोडता येत नाही. होडीवाला मान खाली घालून पायानं वाळू उकरत होता. दादा नारळाकडं बघत होते. बाई तशाच उभ्या. माझ्याकडं तोंड नव्हतं त्यांचं, पण मला माहीत होतं त्या कुणाची वाट बघतायत. सभा उगी राहिली होती, आणि आता पान माझ्या हातात नव्हतं.

नको म्हणता आलं असतं. वाकून त्यांचे पाय धरता आले असते, असू दे बाई, झालं गेलं. पुस्तकात बरे असतात असे प्रसंग. मला कान धरलेले आठवले, आणि तो चष्मा.

"व्हय महाराजा," मी म्हटलं. एकटीनं. माझ्या गावाकडच्या आवाजात, वाडीला ऐकू जाईल असं.

बाईंनी मान हलवली, जशी विद्यार्थ्यानं बरोबर उत्तर दिल्यावर हलवत असतील. दादांनी नारळ फोडला.

पुढं स्वयंपाकघरात वहिनी माझ्यासमोर आल्या. रडून डोळे लाल. "झाला मा तुझ्या मनासारखा?"

"व्हय की," मी म्हटलं.

माझं हे 'व्हय की' त्यांनी आधी शेकडो वेळा वेडावून दाखवलं असेल. त्या दिवशी नाही.

दादा दारात उभे. इकडच्या पुरुषाला माफी मागायला शब्द मिळत नाहीत, काम सांगायला मिळतात. "पावणे येतहत. चुलीकडे बघ."

"बघते. पण वाढणारही मीच."

त्यांनी बायकोकडं बघितलं. वहिनींनी ताट खाली ठेवलं आणि आत गेल्या. नवीन बाईनं स्वतःहून उलथनं माझ्या हातात दिलं. "घे गो बाय. माका खंय जमता एवढ्या माणसांचा!"

दुपारी मी ताटं घेऊन बाहेर गेले. कालवण वाटीच्या काठावर सांडलं. एका पाहुण्यानं भाताबरोबर दोन घास खाल्ले आणि वर बघितलं. "वा! तुम्ही इथल्याच का?"

वहिनी खिडकीत होत्या.

"नाही," मी म्हटलं, "घाटावरची. अजून वाढू?"

माझा राग संपलाय असं कुणाला वाटू नये. वहिनींशी मी कामापुरतं बोलते. बाईंवरचाही पुरता गेलेला नाही. एवढे दिवस उगी राहिल्याचं एका सकाळीत फिटत नाही. हे लिहून झालं की मी त्यांना वाचून दाखवणार आहे, चष्म्याच्या जागेसकट. पण वाचायला, लिहायला, रागाला नीट शब्द द्यायला शिकवलं त्यांनीच, हे मला कसं विसरता येईल?

त्या दिवशी भांडी आटोपून मी त्यांच्या खोलीत गेले. त्या खाटेवर ताठ बसल्या होत्या, पुस्तक मांडीवर काढून ठेवलेलं.

मी पुस्तक घेतलं आणि कुंभारणीपासून सुरू केलं. तेच पान. शालीच्या पदरापाशी थांबले, नेहमीइतकीच. शेवटची ओळ वाचली.

मग मी पान उलटलं.

"गुरू," मी वाचलं, "उठोनि उभा राहिला."

बाई मागं टेकल्या.